मिश्रीची डबी आणि मृत्यूचे आंकडे

श्रोतेहो, पुण्याच्या दक्षिणेस व नैर्ऋत्येस भोर आणि वेल्हे हे दोन तालुके आहेत. वेल्हे तालुक्यास राजगड हें नांव देण्यास राज्याच्या मंत्रिमंडळानें २०२४ सालीं मान्यता दिली. तोरणा व राजगड हे किल्ले, भाटघरचा जलाशय, नीरेचें खोरें, वरंध घाट हीं नांवें पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांस परकीं नाहींत. आपणांपैकीं कित्येकांचें मूळ घर याच मुलखांत आहे. आणि ज्यांचें नाहीं, त्यांच्याही ओळखींत तिकडचें कोणी ना कोणी असतें. त्या मुलखांतील घराघरांत आढळणाऱ्या एका लहानशा डबीपासून आजच्या विषयास आरंभ करावयाचा आहे.

ही डबी मिश्रीची. कोठें तिला मशेरी म्हणतात. तंबाखूचीं पानें तव्यावर टाकून काळीं होईपर्यंत भाजावयाचीं, चुरडून त्यांची बारीक पूड करावयाची, आणि ती डबींत भरून ठेवावयाची, एवढीच तिची कृति. सकाळीं उठल्यावर चिमूटभर पूड तळहातावर घेऊन बोटानें दांतांवर व हिरड्यांवर घोळवावयाची, ही तिची वापरण्याची रीत. विडी ओढणारी बाई गांवांत चर्चेचा विषय होईल. मिश्री लावणारी होणार नाहीं. सासूनें सुनेस दिली, आईनें मुलीस दिली, दाढ ठणकते म्हणून शेजारणीनें दिली, अशी ती हातोहात चालत आलेली असते. आरंभ दांत घासण्यासाठीं होतो. मग ती संध्याकाळींही लागते. पुढें जेवणानंतर, कामाला बसण्यापूर्वीं, आणि शेवटीं ती मिळाली नाहीं तर डोकें दुखूं लागतें. हिला आपण दंतमंजन म्हणतों, व्यसन म्हणत नाहीं. या एका गैरसमजाची किंमत काय पडते, तें आज पाहावयाचें आहे.

मिश्रीचा प्रसार आपल्या जिल्ह्यांत किती होता, याचा पुरावा उपलब्ध आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील दंतसंशोधन विभागाचे डॉ. फली मेहता व त्यांचे सहकारी यांनीं पुणें जिल्ह्यांतील १,०१,७६१ ग्रामस्थांची तपासणी केली, आणि तिचा वृत्तांत १९७२ सालीं प्रसिद्ध केला. घरोघर जाऊन, प्रत्येकाचें तोंड उघडून पाहून केलेलें हें काम होतें. त्यांत असें आढळलें कीं, शंभर स्त्रियांपैकीं ३९ स्त्रिया मिश्री लावीत; पुरुषांत मात्र हें प्रमाण शेंकडा एकही भरत नव्हतें. पुरुष चुना-तंबाखू मळून खात, स्त्रिया मिश्री लावीत. ज्या तरुणीनें त्या काळीं विशीच्या आंत प्रथम बोट डबींत घातलें, ती आज सत्तरीच्या आसपास आहे. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग आहे.

आतां रोगाकडे वळूं. ‘डोकें व मान यांचे कर्करोग’ असें वैद्यकांत म्हणतात, तेव्हां त्यांत मेंदूचा समावेश नसतो. ओठ, जीभ, गालाची आंतली बाजू, हिरड्या, टाळू, घसा, स्वरयंत्र, नाक व नाकाभोंवतालच्या पोकळ्या, लाळेच्या ग्रंथि या सर्व भागांत उद्भवणाऱ्या कर्करोगांना मिळून दिलेलें तें नांव आहे. पाश्चात्य देशांत धूम्रपान घटल्यापासून तोंडाचा कर्करोग कमी झाला आणि एका विषाणूमुळें टॉन्सिलच्या भागांत होणारा कर्करोग वाढला. आपल्याकडे या गटांत मुख्य आहे तो तोंडाचाच, आणि त्याचें मुख्य कारण तंबाखू. तंबाखूबरोबर सुपारीही निर्दोष नाहीं. तंबाखू न घालतां खाल्लेली सुपारीदेखील कर्करोगास कारण होते, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग-संशोधन संस्थेच्या तज्ज्ञांनीं २००३ सालीं दिला. तंबाखू भाजली म्हणजे तिच्यांतील विष जळून जात असेल, असा कोणाचा समज असल्यास तो सोडावा. कर्करोग उत्पन्न करणारीं नायट्रोसामीन नांवाचीं द्रव्यें मिश्रींत भरपूर सांपडलीं आहेत.

या रोगानें माणसें मरतात किती, आणि त्यांची संख्या वाढते आहे कीं घटते आहे? प्रश्न साधा दिसतो, पण उत्तर सोपें नाहीं. शहरांत रुग्णालयांत मृत्यु झाला तर डॉक्टर कारण लिहून देतात. डोंगरांतल्या वाडींत म्हातारी घरींच गेली तर दाखल्यावर कारण कोण लिहिणार? भारतांत नोंदलेल्या मृत्यूंपैकीं डॉक्टरांनीं कारण प्रमाणित केलेले मृत्यु जेमतेम पांचांत एक भरतात. म्हणून संशोधकांना दुसरे मार्ग शोधावे लागले.

पहिला मार्ग कर्करोग-नोंदणीचा. एखादा प्रदेश निश्चित करून तेथील प्रत्येक कर्करोग्याची नोंद ठेवावयाची. भारतांतील अशी पहिली नोंदणी १९६३ सालीं मुंबईंत सुरू झाली. सोलापूर जिल्ह्यांतील बार्शी येथें १९८७ सालीं सुरू झालेली नोंदणी ही देशांतील पहिली ग्रामीण नोंदणी. खेड्यांतील रोगी आपण होऊन रुग्णालयांत येईल याची वाट न पाहतां कार्यकर्ते गांवोगांव जातात, हें तिचें वैशिष्ट्य.

दुसरा मार्ग घरच्या माणसांच्या आठवणीचा. २००१ ते २००३ या वर्षांतील मृत्यूंचा शोध घेण्यासाठीं देशभरांतून ६,६७१ लहान क्षेत्रें निवडण्यांत आलीं. त्यांत सुमारें अकरा लाख घरें होतीं. जेथें मृत्यु घडला त्या घरीं शिकविलेला कार्यकर्ता जाई आणि विचारी: दुखणें किती दिवस होतें? तोंडांत व्रण होता काय? गिळतां येत होतें काय? मानेला गांठ होती काय? हीं उत्तरें दोन डॉक्टर स्वतंत्रपणें वाचून कारण ठरवीत. या पाहणीच्या आधारें २०१० सालाचा जो अंदाज २०१२ सालीं प्रसिद्ध झाला, तो असा: देशांत त्या वर्षीं कर्करोगानें सुमारें ५ लक्ष ५६ हजार माणसें मेलीं, आणि तीस ते एकोणसत्तर या वयांतील पुरुषांत सर्वांत अधिक बळी घेणारा कर्करोग होता तो तोंड व घसा यांचा. कर्करोगानें गेलेल्या त्या वयाच्या शंभर पुरुषांपैकीं जवळजवळ तेवीस या एकाच गटांतले होते.

याच पाहणींतील आणखी एक निष्कर्ष सुशिक्षित श्रोत्यांनीं विशेष लक्षांत घ्यावा. शहर आणि खेडें यांच्या कर्करोग-मृत्यूंच्या प्रमाणांत फारसा भेद आढळला नाहीं. भेद आढळला तो शिक्षणाचा. अशिक्षितांतील प्रमाण उच्चशिक्षितांतील प्रमाणाच्या दुपटीहून अधिक होतें. रोग एकच, औषधेंही तींच. परंतु ज्यास पाटी-पुस्तक मिळालें नाहीं त्याच्या वांट्यास मृत्यु दुप्पट आला.

आतां वाढ-घटीचा प्रश्न. आंतरराष्ट्रीय संस्थेच्या अंदाजाप्रमाणें भारतांत ओठ व तोंड यांच्या कर्करोगानें २०१२ सालीं सुमारें ५२ हजार, आणि २०२२ सालीं सुमारें ८० हजार माणसें मृत्यु पावलीं. आंकडे ऐकून छाती दडपते. तथापि घरखर्च वाढला म्हणजे शहाणी गृहिणी प्रथम विचारते, कीं खाणारीं तोंडें वाढलीं, कीं पाहुणे आले, कीं भाव चढले? तेंच येथें करावयास हवें. दहा वर्षांत लोकसंख्या वाढली; आयुर्मान वाढल्यामुळें वृद्धांची संख्या वाढली, आणि कर्करोग हा बहुधा उतारवयाचा रोग. शिवाय अंदाज बांधण्याच्या रीतीही दर वेळीं थोड्या सुधारतात. म्हणून सगळीच वाढ रोगाच्या जोराची म्हणतां येत नाहीं. वयाचा हिशेब वजा करून जें प्रमाण उरतें, तेंच खरें पाहावें.

तसें पाहतां चित्र दुरंगी आहे. मुंबईच्या नोंदणींत १९८६ ते २००० या पंधरा वर्षांत चाळिशीपुढील पुरुषांत तोंडाच्या कर्करोगाचें प्रमाण उतरत गेलें. परंतु चाळिशीच्या आंतील पुरुषांत तशी उतार दिसली नाहीं. पुढील काळांत देशांतील अनेक नोंदणींत पुरुषांच्या तोंडाच्या कर्करोगाचें प्रमाण चढतें आढळलें. याचा उलगडा पानपट्टीच्या दुकानांत होतो. विडी मागें पडत गेली, आणि १९७० नंतरच्या दशकांत सुपारी-तंबाखूच्या तयार पुड्या बाजारांत आल्या. पान लावावयास वेळ लागे, मळावयास चुना लागे. पुडीस कांहींच लागेना. शाळकरी मुलाच्या खिशांतही ती मावूं लागली. महाराष्ट्रानें २००२ सालीं गुटख्यावर बंदी घातली, ती न्यायालयांत टिकली नाहीं. २०१२ सालीं पुन्हा घातली.

या उपायांचा परिणाम दिसतो काय? तंबाखूच्या वापरावर थोडा दिसतो. महाराष्ट्रांतील प्रौढांत धूरविरहित तंबाखू सेवन करणारे २००९-१० सालीं शेंकडा २७.६ होते, ते २०१६-१७ सालीं २४.४ झाले. धूम्रपान करणारे ६.६ वरून ३.८ वर आले. म्हणजे धूर पुष्कळ ओसरला. पण चघळणें व हिरडीस लावणें हें हळूहळूच ओसरत आहे, आणि आजही दर चार प्रौढांत जवळजवळ एकाच्या तोंडांत तंबाखू आहे. मृत्यूच्या आंकड्यांत तर हा उतार लगेच दिसणार नाहीं. तंबाखूनें केलेली इजा कर्करोगाच्या रूपानें प्रकट होण्यास वीस-तीस वर्षें लागतात. आज नोंदला जाणारा मृत्यु हा मागच्या पिढीच्या डबीचा व पुडीचा हिशेब आहे. आज शाळेच्या वाटेवर फाडलेली पुडी २०५० सालच्या तक्त्यांत दिसेल. ज्या तरुणीची आठवण ठेवण्यास मीं आरंभीं सांगितलें, तिचा हिशेब आतां पुरा होण्याच्या वेळीं आला आहे.

येथें कोणी विचारील, झालेली इजा तर झाली. आतां करावयाचें काय? याच ठिकाणीं या रोगाचें एक वैशिष्ट्य आपल्या उपयोगी पडतें. पोटांतला किंवा फुफ्फुसांतला कर्करोग डोळ्यांना दिसत नाहीं, तोंडांतला दिसतो. त्यास यंत्र लागत नाहीं. उजेड लागतो आणि पाहणारा लागतो. शिवाय तो बहुधा एकदम येत नाहीं. आधीं पांढरा किंवा लाल चट्टा पडतो, किंवा सुपारीनें गालाची आंतली कातडी ताठर होऊन तोंड उघडेनासें होतें. या अवस्थेंत किंवा रोगाच्या प्रारंभीं उपचार झाला, तर बहुसंख्य रोगी वांचतात. असें असूनही आपल्या देशांत शंभरांतले साठ ते ऐंशी रोगी पुढल्या अवस्थेंतच डॉक्टरांकडे पोहोंचतात. जो रोग आरशांत दिसतो, त्यानेंच सर्वांत अधिक पुरुष दगावावे, यांतच या आंकड्यांचा सगळा अर्थ सांठवला आहे.

असें कां होतें, तें भोर-वेल्ह्याच्या एखाद्या वाडींत उभें राहून पाहावें. आरंभीं व्रण दुखत नाहीं. जें दुखत नाहीं, त्यासाठीं भाताची लावणी सोडून कोण जाईल? दांत हालूं लागला तर तो वयाचा दोष मानला जातो; दुखलें तर त्यावर उपाय म्हणून पुन्हा मिश्रीच लावली जाते. भोरला उपजिल्हा रुग्णालय आहे. पण धरणाच्या पाण्यापलीकडील वाडींतून तेथें जावयाचें म्हणजे दिवस मोडतो, आणि पुण्यास जावयाचें तर रोजही बुडतो व बरोबर यावयास माणूसही लागतो. मुलगे मुंबई-पुण्यास कामाला. घरांतील वडीलधाऱ्या बाईनें तोंड उघडून कोणास दाखवावें, ही कल्पनाच तिला संकोचाची वाटते. ती दाखवीत नाहीं, आणि आपण विचारीत नाहीं. मानेला गांठ येते, घांस गिळेनासा होतो, तेव्हां सगळे धांवतात.

केवळ पाहिल्यानें मृत्यु टळतात, हें सिद्ध झालेलें आहे. केरळांत तिरुवनंतपुरम् जिल्ह्यांतील तेरा पंचायतींत १९९६ पासून एक मोठा प्रयोग झाला. पस्तीस वर्षांवरील जवळजवळ एक लक्ष नव्वद हजार माणसें त्यांत होतीं. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें कांहीं पंचायती निवडून तेथें दर तीन वर्षांनीं प्रत्येकाचें तोंड तपासलें; उरलेल्या पंचायतींत नेहमीचीच व्यवस्था ठेवली. तपासणारे डॉक्टर नव्हते. शिकवून तयार केलेले पदवीधर कार्यकर्ते होते. २००५ सालीं निकाल प्रसिद्ध झाला. तंबाखू किंवा मद्य यांची संवय असलेल्यांत, जेथें तपासणी झाली तेथें तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यु शेंकडा ३४ नीं कमी झाले. व्यसन नसलेल्यांत असा स्पष्ट लाभ दिसला नाहीं. म्हणजे कोणाचें तोंड पाहावयाचें, हेंही या प्रयोगानें सांगितलें: जो तंबाखू लावतो, खातो किंवा ओढतो, त्याचें.

तर पाहावयाचें काय? दिवसाच्या उजेडांत, कवळी असल्यास ती काढून, तोंड धुऊन बसावें. ओठ उलटून आंतली बाजू, दोन्ही गाल, हिरड्या, टाळू, जीभ बाहेर काढवून तिच्या दोन्ही कडा, जीभ वर करून तिच्याखालची जागा असें क्रमानें पाहावें. मिश्री जेथें घोळते ती जागा विशेष पाहावी. बोटानें पुसला न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, कारणावांचून हालणारा दांत, गालांतील जाड किंवा कठीण जागा, स्वतःचीं तीन बोटें उभीं मावूं नयेत इतकें आंखडलेलें तोंड, मानेवरील गांठ, तीन आठवड्यांहून अधिक बसलेला आवाज, गिळतांना अडथळा. यांपैकीं एकही खूण दिसली तर डॉक्टरांस किंवा दंतवैद्यास दाखवावें. प्रत्येक चट्टा कर्करोग नसतो, बहुतेक नसतातच. तो आहे कीं नाहीं, हें कणभर तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्यानें कळतें. तुकडा काढल्यानें रोग पसरतो, हा समज निराधार आहे. त्या भयानें महिने दवडल्यानें मात्र तो खात्रीनें पसरतो. तीस वर्षांवरील सर्वांची तोंडाची तपासणी हा आतां सरकारी आरोग्यकेंद्रांच्या कामाचाच भाग आहे, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेंत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. पैशांच्या भयानें पहिली पायरीच चुकवूं नये.

डबी सोडविण्याविषयीं दोन शब्द. उपदेशानें ती सुटत नाहीं. सुटली असती तर आजवर सुटली असती. मिश्रीची तलफ खरी असते, कारण हिरडींतून निकोटीन रक्तांत जातें. सोडल्यावर पहिले कांहीं दिवस चिडचिड होते, डोकें दुखतें, सकाळचे विधि होत नाहींत. हें तात्पुरतें असतें, तें आधीं सांगून ठेवावें. दाढ दुखते म्हणून ती लागली असेल, तर आधीं दाढ दाखवावी. मूळ दुखणें गेल्याशिवाय औषध समजली गेलेली वस्तु कोणी टाकीत नाहीं. तंबाखूच्या पुडीवर छापलेल्या १८००-११-२३५६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. आणि गांवीं जातांना आईसाठीं, आजीसाठीं आठवणीनें तंबाखू नेण्याची जी प्रेमळ चाल कित्येक घरांत आहे, ती आपण शिकल्यासवरल्यांनीं तरी बंद करावी.

श्रोतेहो, राष्ट्राचे आंकडे मोठे असतात आणि दूरचे वाटतात. परंतु ८० हजार ही संख्या एकेका घरांतून भरलेली आहे. तींतला प्रत्येक मनुष्य मरणापूर्वीं कित्येक महिने कोणाच्या तरी समोर बसून जेवीत होता, बोलत होता, आणि त्याच्या तोंडांत काय आहे हें कोणीं पाहिलें नाहीं. पुढच्या वेळीं आपण गांवीं जाल, किंवा गांवचें माणूस आपल्या घरीं येईल, तेव्हां त्यास खिडकीपाशीं उजेडांत बसवा आणि म्हणा, ‘आजी, जरा आ करा पाहूं.’ ती हंसेल, लाजेल, पदर तोंडाला लावील. तरी आग्रह सोडूं नका.